क्वायर, कॅरोल, अँथम : इंग्रजी संगीतशब्दांचे मूळ आणि अर्थ

रविवारच्या उपासनेपूर्वी आपल्या देवळांच्या आवारात जे बोलणे कानी पडते, त्यातील वाक्ये मराठी असली तरी नामे बहुधा इंग्रजी असतात. क्वायर आले का, एन्ट्रन्स हिम कोणते ठरले, कॅरोलची प्रॅक्टिस कधी आहे, ऑर्गनवर कोण बसणार, असे प्रश्न सहजपणे विचारले जातात. हे शब्द इंग्रजांबरोबर आले म्हणून ते इंग्रजांचेच, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक शब्द इंग्रजीतही पाहुणेच आहेत. ग्रीक, लॅटिन व जुन्या फ्रेंच भाषेतून ते इंग्लंडात पोहोचले आणि त्यांची वाट बहुतांशी मठांतून व मंदिरांतून गेलेली आहे. ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेचा इतिहास त्यांच्या पोटात दडलेला आहे. गायकवृंदातील तरुणांना व सर्वसाधारण भाविकांना उपयोगी पडावे म्हणून त्यांतील काही निवडक शब्दांचा मागोवा आम्ही येथे घेत आहोत.

'म्युझिक' या शब्दापासूनच आरंभ करणे योग्य ठरेल. ग्रीक पुराणकथांत काव्य, गायन, नृत्य आदी कलांच्या नऊ देवता मानल्या जात. त्यांना 'मूसा' म्हणत. त्यांची जी कला ती 'मूसिके'. लॅटिनमध्ये ती 'मुसिका' झाली आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आली. वस्तुसंग्रहालयाला 'म्युझियम' म्हणतात तेही याच देवतांमुळे. म्युझियम म्हणजे मुळात त्यांचे पूजास्थान. आरंभीच्या ख्रिस्ती धर्माचार्यांना या शब्दाचा मूर्तिपूजक वास नक्कीच जाणवत असेल, परंतु त्यांनी शब्द टाकला नाही, त्यातील आशय बदलला. पुढेही हेच वारंवार घडलेले दिसेल.

क्वायर : नाचणाऱ्यांचा मेळा

ग्रीक भाषेत 'खोरोस' म्हणजे गात गात फेर धरून नाचणाऱ्यांचा समूह, आणि तो नाचही. ग्रीक नाटकांत हा समूह रंगभूमीसमोरच्या वर्तुळात उभा राहून नागरिकांच्या वतीने बोले, शोक करी, नायकाला सावध करी. लॅटिनमध्ये त्याचा 'कोरुस' झाला. ख्रिस्तसभेने तो शब्द उचलला तेव्हा त्यातील नाच गळाला आणि गाणे उरले. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत 'क्वेर' असा आला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्वानांना लॅटिन मूळ दाखवून देण्याची हौस आली आणि त्यांनी त्याचे स्पेलिंग बदलले. लोकांनी मात्र उच्चार बदलला नाही. म्हणूनच शब्द लिहिला जातो एक आणि वाचला जातो दुसरा, व आपली मुले शाळेत त्यावर अडखळतात. इंग्लंडच्या अँग्लिकन सभेच्या 1662 सालच्या प्रार्थनापुस्तकात जुने स्पेलिंगच कायम आहे. कागदाच्या दस्त्यालाही इंग्रजीत 'क्वायर' म्हणतात, पण तो शब्द वेगळा. त्याचे मूळ 'चार-चार' या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, गाण्याशी त्याचा काही संबंध नाही.

युरोपातील मोठ्या मंदिरांत 'क्वायर' हे एका जागेचेही नाव आहे. वेदी आणि जनसमुदाय यांच्या मध्ये समोरासमोर आसने मांडलेली असत. तेथे बसून संन्यासी वा धर्मगुरू प्रहरप्रार्थना गात. पोर्तुगीज धाटणीच्या जुन्या देवळांत गायकांची जागा मुख्य दारावरच्या माळ्यावर असे. पोर्तुगीजमध्ये तिलाही 'कोरो' असेच म्हणतात. वर गाणारे गातात, खाली लोक पाठमोरे बसून ऐकतात, अशी ती रचना.

येथे थोडे थांबून बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी प्रसृत केलेल्या पवित्र उपासनाविषयक संविधानात गायकवृंदांना उत्तेजन द्यावे असे सांगितले आहे, आणि त्याच परिच्छेदात, गायिल्या जाणाऱ्या प्रत्येक विधीत सर्व भाविकांना आपला वाटा उचलता यावा याची दक्षता धर्मगुरूंनी घ्यावी, असेही बजावले आहे. 1967 सालच्या सूचनापत्रात गायकवृंदाची जागा अशी असावी की तो भाविकांच्या समुदायाचाच भाग आहे हे स्पष्ट दिसावे, असे म्हटले आहे. याउलट आपल्याकडे अलीकडे काय घडते ते सर्व जाणतात. चार ध्वनिक्षेपक, एक की-बोर्ड, पाचसहा गोड गळे, आणि आठवड्याआड बदलणाऱ्या नव्या चाली. लोकांचे ओठ मिटलेले असतात. गायकांचे कष्ट आम्ही कमी लेखत नाही; कामावरून थकून येऊन रात्री दहापर्यंत सराव करणारी मुले-मुली आम्ही पाहतो. पण मूळ खोरोस हा नागरिकांचा आवाज होता, नागरिकांसमोरचा कार्यक्रम नव्हता.

साम, हिम आणि कँटिकल

इंग्रजी 'साम' या शब्दाच्या आरंभीचे अक्षर उच्चारले जात नाही. ग्रीकमध्ये ते उच्चारले जाई. 'प्साल्लेइन' म्हणजे तार बोटाने छेडणे. धनुष्याची दोरी ताणून सोडण्यालाही हेच क्रियापद वापरले जाई. त्यावरून 'प्साल्मोस' म्हणजे तंतुवाद्यावर गायिलेले गीत. हिब्रू बायबलचे ग्रीक भाषांतर करताना 'मिझमोर' या हिब्रू शब्दासाठी भाषांतरकारांनी तो योजला; 57 स्तोत्रांच्या शीर्षकांत 'मिझमोर' आहे. म्हणजे साम या शब्दात वाद्याचा झंकार आहे. परंतु यहुदी लोक त्या संपूर्ण ग्रंथाला 'तेहिल्लीम' म्हणतात, आणि त्याचा अर्थ 'स्तवने'. आपल्या मराठी बायबलात त्या ग्रंथाचे नाव 'स्तोत्रसंहिता' असे आहे. 'स्तोत्र' हा शब्द 'स्तु', म्हणजे स्तुती करणे, या धातूपासून झाला. याचा अर्थ असा की इंग्रजी नावापेक्षा आपले मराठी नाव मूळ हिब्रूच्या अधिक जवळ आहे. ज्यांनी ते योजले त्यांच्या संस्कृतज्ञानाचे कौतुक करावे तेवढे थोडे.

स्तोत्रसंहितेत 71 वेळा आणि हबक्कूकच्या ग्रंथात 3 वेळा 'सेला' असा एक शब्द येतो. तो गायकवादकांसाठीची काही सूचना असावा असे विद्वान मानतात. तो वाचायचा नसतो. वाचन करणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.

'हिम' हा शब्द ग्रीक 'ह्युम्नोस'वरून आला. देवदेवतांची व वीरांची स्तुतिगीते या अर्थाने तो ख्रिस्तपूर्व काळापासून रूढ होता. इंग्रजीत त्यातील शेवटचे अक्षर मुके झाले, पण 'हिम्नल', म्हणजे गीतसंग्रह, म्हणताना ते पुन्हा बोलू लागते. हिम कशाला म्हणावे याची सुप्रसिद्ध व्याख्या संत अगस्तीनने स्तोत्रांवरील आपल्या प्रवचनांत केली आहे. त्याच्या मते तीन गोष्टी हव्यात: ती स्तुती असावी, ती देवाची असावी, आणि ती गायिलेली असावी. यांतील एक जरी उणी पडली तरी ते हिम नव्हे. ही कसोटी आज लावली तर आपल्या वह्यांतील किती गीते उतरतील, हा प्रश्न गीतकारांनी स्वतःला विचारावा. देवाची स्तुती कमी आणि 'मी', 'माझे', 'मला' अधिक, अशा गीतांची वाढ फार झाली आहे.

'कँटिकल' हा लॅटिन 'कांतिकुम'चा लघुत्वदर्शक, म्हणजे 'छोटे गीत'. स्तोत्रसंहितेबाहेर बायबलात जी गीते आहेत त्यांना हा शब्द लावतात. संत लूकच्या शुभवर्तमानातील तीन प्रसिद्ध आहेत: पवित्र मारियेचे, जखऱ्याचे आणि वृद्ध शिमोनाचे. प्रहरप्रार्थनेत ती अनुक्रमे सायंकाळी, सकाळी व निद्रेपूर्वी येतात. पहिल्याला इंग्रजीतही 'मॅग्निफिकॅट' म्हणतात, कारण लॅटिन पाठाचा पहिला शब्द तो. प्रार्थनेला तिच्या पहिल्या शब्दावरून नाव देण्याची ही रीत लक्षात ठेवावी. ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

लॅटिन 'कानेरे', म्हणजे गाणे, या धातूचे कुटुंब मोठे आहे. चँट, कँटर व कँटाटा हे तर उघड दिसतात. 'अ‍ॅक्सेंट' म्हणजे शब्दाला जोडलेले गाणे. 'एन्चँट' म्हणजे गाऊन भारून टाकणे. 'रिकँट', म्हणजे पूर्वी म्हटलेले परत घेणे, हे अक्षरशः 'उलटे गाणे' होय. आणि कारखान्यांत, कचेऱ्यांत ज्याची वाट पाहिली जाते तो 'इन्सेंटिव्ह'सुद्धा याच घरचा: जो सूर लावून देतो, ज्याच्या मागे इतरांनी गायचे, तो.

पवित्र मिस्सामधील प्रतिसाद-स्तोत्राविषयी येथेच सांगून टाकतो. मिस्साग्रंथाच्या सामान्य सूचनांतील 61 व्या परिच्छेदानुसार या स्तोत्राच्या जागी अन्य गीत वा भजन म्हणता येत नाही. कारण साधे आहे: स्तोत्र हे देवाचे वचन आहे, पहिल्या वाचनाला दिलेले उत्तर आहे. भजन कितीही सुंदर असले तरी ते आपण रचलेले. चाल अवघड वाटत असेल तर लोकांनी केवळ ध्रुवपद गावे व कडवी एकाने वाचावीत, हे चालते. स्तोत्र गाळून दुसरे गीत घालणे मात्र चालत नाही, आणि तरीही ते अनेक ठिकाणी चालू आहे.

अँटिफन आणि अँथम : एकाच शब्दाचे दोन जन्म

ग्रीक 'अँटी' म्हणजे समोरून, उलट बाजूने, आणि 'फोने' म्हणजे आवाज. दोन गटांनी आळीपाळीने गावे त्याला 'अँटिफोना' म्हणत. पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत ही पद्धत रुजल्याची हकीगत संत अगस्तीनने आपल्या आत्मनिवेदनात सांगितली आहे. इ.स. 386 मध्ये मिलान शहरात सम्राज्ञी जस्टिना हिने आरियन पाखंडी मताच्या लोकांसाठी एक मंदिर मागितले. बिशप अँब्रोज यांनी नकार दिला. भाविक आपल्या बिशपबरोबर मरायचीही तयारी ठेवून मंदिरात जागत राहिले. त्यांत अगस्तीनची आई मोनिका ही देखील होती. दुःखाने व थकव्याने लोक खचू नयेत म्हणून अँब्रोज यांनी पूर्वेकडील रीतीप्रमाणे स्तोत्रे व गीते गाण्याचा प्रघात तेथे सुरू केला. पुढे तो इतरत्र पसरला. लोकगायनाचा हा वारसा वेढा पडलेल्या देवळातला आहे.

लॅटिन 'अँटिफोना' प्राचीन इंग्रजीत गेली आणि लोकांच्या जिभेवर झिजत झिजत 'अँटेफन', मग 'अँटेम' आणि शेवटी 'अँथम' झाली. काही शतकांनी विद्वानांनी तोच शब्द ग्रंथांतून पुन्हा उचलला, तो 'अँटिफन'. तद्भव आणि तत्सम यांची ही जोडी मराठी वाचकाला चटकन समजेल: 'कान' आणि 'कर्ण', तसेच 'अँथम' आणि 'अँटिफन'. इंग्लंडात अँथम म्हणजे गायकवृंदाने गायची धार्मिक रचना, असा अर्थ स्थिरावला. 1745 साली लंडनच्या नाट्यगृहांतून राजासाठी देवाजवळ रक्षण मागणारे गीत गायिले जाऊ लागले. ते प्रार्थनागीत असल्यामुळे एकोणिसाव्या शतकात 'नॅशनल अँथम' म्हणून ओळखले गेले आणि तेथून कोणत्याही देशाच्या राष्ट्रगीताला तो शब्द लागू लागला. आज क्रिकेट संघांचेही अँथम निघतात. संत अँब्रोज यांना ते ऐकून काय वाटले असते, कोण जाणे.

कॅरोल, नोएल आणि आपला नाताळ

'कॅरोल' म्हणजे मुळात नाताळचे गीत नव्हे. जुन्या फ्रेंचमध्ये 'कारोल' हा हात धरून फेर घालण्याचा नाच असे. एकाने कडवे म्हणावे, फेरातील सर्वांनी ध्रुवपद म्हणावे. तेराव्या शतकाच्या शेवटास शब्द इंग्रजीत आलेला होता. त्याचे मूळ लॅटिन 'कोराउला'त, म्हणजे नाचाला साथ करणाऱ्या बासरीवाल्यात, असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. तसे असेल तर क्वायर आणि कॅरोल हे एकाच खोरोसचे वंशज ठरतात. आपल्या वाड्यावाड्यांतून गात हिंडणारी मुले नाचू लागली म्हणून कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत. शब्दाची साक्ष त्यांच्या बाजूने आहे.

संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 च्या नाताळात ग्रेच्चो येथे गवाणीचा देखावा उभा केला. त्यांच्या संघातील प्रवासी प्रवचनकारांनी लोकभाषेत, लोकांच्या चालींवर गीते रचून ख्रिस्तजन्माची वार्ता गावोगाव नेली. इंग्लंडातील जुन्या कॅरोलांच्या प्रसाराचे मोठे श्रेय अभ्यासक फ्रान्सिस्कन बंधूंना देतात.

नाताळच्या शुभेच्छापत्रांवर 'नोएल' हा शब्द छापलेला असतो. लॅटिन 'नातालिस' म्हणजे जन्मासंबंधीचा, जन्माचा दिवस. फ्रेंचमध्ये त्याचा नोएल झाला आणि इंग्रजीने तो उसना घेतला. तोच नातालिस पोर्तुगीजमध्ये 'नाताल' झाला, आणि पोर्तुगीजांबरोबर वसई-गोव्याच्या किनाऱ्यावर उतरून मराठीच्या 'ळ'काराने सजून 'नाताळ' झाला. म्हणजे नोएल आणि नाताळ सख्खी भावंडे. पण नाते आणखी मागे जाते. लॅटिन 'नातुस' याचे पूर्वीचे रूप 'ग्नातुस', आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते तो व संस्कृत 'जात' हे एकाच प्राचीन मूळ शब्दाची दोन रूपे होत. 'नाताळ' आणि 'जन्म' हे शब्द हजारो वर्षांनी कोकणच्या किनाऱ्यावर पुन्हा भेटले, असे म्हणण्यास हरकत नाही.

एका इंग्रजाचा उल्लेख येथे अगत्याने केला पाहिजे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले. ख्रिस्तजन्माची कथा येथील लोकांना सांगण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ना आपली मायबोली वापरली, ना तिच्यातील गीतप्रकार. त्यांनी मराठी ओवी घेतली आणि ग्रंथास 'पुराण' म्हटले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे छापले गेले आणि देवळांतून गायिले जाऊ लागले.

'मिस्सा' हा शब्दही पोर्तुगीजमार्गे आला. लॅटिन 'मित्तेरे' म्हणजे पाठवणे. उपासनेच्या शेवटी लोकांना जी पाठवणी दिली जाते, त्या वाक्यातून सबंध विधीला नाव मिळाले. इंग्रजी 'मास' तोच. संगीताच्या पुस्तकांत 'मास' म्हणजे मिस्साच्या कायम भागांना, दयायाचनेपासून 'देवाच्या कोकरा'पर्यंत, दिलेली चाल.

गॅमट, क्लेफ, टोन

इ.स. 1000 च्या सुमारास गायकाला सर्व चाली मुखोद्गत कराव्या लागत आणि त्याला वर्षानुवर्षे जात. अरेझ्झोचा ग्विदो या बेनेडिक्टाइन संन्याशाने यावर उपाय शोधला. संत योहान बाप्तिस्ता यांच्या सणाच्या (24 जून) एका लॅटिन गीताची चाल अशी आहे की प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो. त्या चरणांची आद्याक्षरे घेऊन ग्विदोने स्वरांना नावे दिली: उत, रे, मी, फा, सोल, ला. स्वर रेषांवर नीट मांडण्याची पद्धतही त्याने घालून दिली. पोप योहान एकोणिसावे यांनी त्याला रोमला बोलावले आणि कधी न ऐकलेला एक चरण स्वतः पुस्तकात पाहून गाऊन दाखवला, असे ग्विदोने एका पत्रात लिहून ठेवले आहे. पुढे सतराव्या शतकात 'उत'च्या जागी गाण्यास सुलभ असा 'दो' आला, आणि सातव्या स्वराला संत योहानाच्याच लॅटिन नावाच्या आद्याक्षरांवरून 'सी' म्हटले गेले. इंग्रजीत त्याचा 'ती' झाला. आपले सा, रे, ग, म मात्र षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम यांवरून आलेले आहेत आणि ते ग्विदोहून पुष्कळ जुने. दोन्हींकडे 'रे' आहे हा योगायोग समजावा.

या पद्धतीतील सर्वांत खालच्या स्वराला 'गामा' हे ग्रीक अक्षर दिलेले होते आणि तेथे 'उत' पडे. गामा-उत यावरून 'गॅमट'. खालच्या एका स्वराचे नाव पुढे साऱ्या स्वरपट्टीला लागले आणि आज इंग्रजीत कोणत्याही गोष्टीचा समग्र पल्ला तो गॅमट.

'स्केल' म्हणजे शिडी, लॅटिन 'स्काला'. 'नोट' म्हणजे खूण. 'क्लेफ' म्हणजे किल्ली, लॅटिन 'क्लाविस'. रेषांच्या आरंभी काढलेले ते वळणदार चिन्ह पुढचे स्वर उघडून देते म्हणून. या किल्लीचा दुसरा नातेवाईक आपल्या परिचयाचा आहे: 'कॉन्क्लेव्ह', म्हणजे किल्लीने बंद केलेली खोली. विटेर्बो येथे 1268 पासून 1271 पर्यंत पोपची निवड रेंगाळली, तेव्हा निवडून आलेल्या दहाव्या ग्रेगरींनी 1274 मध्ये लिओं येथील परिषदेत कार्डिनलांना कोंडून ठेवण्याचा नियम केला. 8 मे 2025 रोजी पोप लिओ चौदावे यांची निवड झाली ती त्याच परंपरेतून.

'टोन' हा ग्रीक 'तोनोस'; त्याचा अर्थ ताण. तार ताणली की स्वर निघतो. 'ट्यून' हे त्याचेच दुसरे रूप. संस्कृतातील 'तन्', म्हणजे ताणणे, हा त्याचा सहोदर. तान, तंतू, तंत्री हे सर्व त्यातून निघाले. गवई तान घेतो आणि इंग्रज गायक टोन लावतो तेव्हा दोघेही एकच जुना शब्द उच्चारत असतात. तसेच लॅटिन 'सोनुस', ज्यापासून साउंड व सोनाटा हे शब्द झाले, आणि संस्कृत 'स्वन', म्हणजे आवाज.

ऑर्गन आणि संत सिसिलिया

ग्रीक 'ऑर्गनॉन' म्हणजे कामाचे साधन, हत्यार. म्हणून शरीराच्या अवयवालाही ऑर्गन म्हणतात आणि वाद्यालाही. पाण्याच्या दाबाने चालणारे पहिले नळीवाद्य ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्तेसिबियसने बनवले. ते खेळांच्या मैदानात वाजे. इ.स. 757 मध्ये बायझंटियमच्या सम्राटाने फ्रँकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन भेट पाठवला आणि पश्चिमेत त्याचा प्रवेश झाला.

लॅटिनमध्ये 'ऑर्गाना' हा शब्द सर्वच वाद्यांना लागू होता. संत सिसिलियाच्या जुन्या चरित्रकथेत असे आहे की तिच्या विवाहप्रसंगी वाद्ये वाजत असता ती अंतःकरणात केवळ प्रभूसाठी गात होती. पुढे ऑर्गन हे एका विशिष्ट वाद्याचे नाव झाले, तेव्हा लोकांनी त्या वाक्याचा अर्थ 'ती ऑर्गन वाजवीत गात होती' असा घेतला, आणि सिसिलिया संगीताची आश्रयदाती संत झाली. तिचा सण 22 नोव्हेंबरला असतो. बोलोन्यातील राफाएलच्या प्रसिद्ध चित्रात मात्र तिने हातातील लहान ऑर्गन खाली झुकवला आहे, त्याच्या नळ्या गळून पडत आहेत, इतर वाद्ये पायाशी मोडून पडली आहेत, आणि तिची दृष्टी वर स्वर्गीय गायनाकडे लागली आहे. चित्रकाराला मूळ कथा नीट कळली होती असे आम्हांस वाटते.

आपल्या देवळांतील पेटीचे नाव 'हार्मोनियम'. अलेक्सांद्र दबँ याने 1842 मध्ये पॅरिसला त्याचे पेटंट घेतले. 'हार्मोनिया' हा मुळात सुतारकामाचा शब्द, अर्थ सांधा. होमरच्या काव्यात ओडिसियस तराफा बांधतो तेव्हा फळ्या जोडण्यासाठी हाच शब्द आहे. नाझरेथच्या सुताराला तो फार आवडला असता.

आणखी काही शब्द थोडक्यात. 'आ कापेल्ला', म्हणजे वाद्यांविना गायन, याचा शब्दशः अर्थ 'चॅपलच्या रीतीने'. पण चॅपल म्हणजे काय? संत मार्टिनने आमियाँच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून दिला. उरलेला झगा, 'कापेल्ला', फ्रँक राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला. तो जेथे ठेवला ती जागा कापेल्ला आणि त्याचा रक्षक तो चॅपलेन. 'ओरातोरियो' हे नाव संत फिलिप नेरी यांच्या रोममधील प्रार्थनागृहावरून पडले, जेथे प्रवचनाच्या आगेमागे संगीत होत असे. 'मोटेट' हा फ्रेंच 'मो', म्हणजे शब्द, याचा लघुत्वदर्शक. गोव्यात प्रायश्चित्तकाळातील मिरवणुकींत मोतेत अजून गायिले जातात. 'मिन्स्ट्रेल' म्हणजे फिरता गायक, आणि 'मिनिस्टर' म्हणजे सेवक किंवा मंत्री. दोन्हींचे मूळ एकच.

मृतांसाठीची गाणी

पहिल्या शब्दावरून नाव पडण्याची रीत वर सांगितली. मृतांच्या मिस्साचा लॅटिन आरंभ चिरविश्रांती मागणारा. त्याचा पहिला शब्द 'रेक्विएम'. मृतांसाठीच्या पहाटेच्या प्रार्थनेतील अँटिफनचा पहिला शब्द 'दिरिगे', म्हणजे 'मार्ग दाखव'. तो 5 व्या स्तोत्रातून घेतलेला. इंग्रजांनी त्याचा 'डर्ज' केला आणि आज त्याचा अर्थ शोकगीत. मृतांच्या सायंप्रार्थनेचा पहिला शब्द 'प्लासेबो', म्हणजे 'मी संतोष देईन'. मध्ययुगात काही लोक मृताशी नाते नसतानाही भोजन व दान यांसाठी अंत्यविधीला येऊन ही प्रार्थना म्हणत. त्यावरून प्लासेबो म्हणणारा म्हणजे खुशमस्कऱ्या, असा अर्थ झाला. चॉसरच्या एका कथेत याच नावाचे तोंडपुजे पात्र आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वैद्यांनी रुग्णाचे समाधान करण्यापुरत्या दिलेल्या औषधाला तो शब्द लावला आणि आजही संशोधनात तो वापरात आहे. 'पॅटर', म्हणजे भराभर बडबडणे, याचे मूळ तर 'पातेर नोस्तेर', आपल्या प्रभूच्या प्रार्थनेतच आहे. प्रार्थना घाईने उरकणाऱ्यांनी भाषेला दिलेली ही देणगी. गुलाबमाळेच्या वेळी आपल्याकडेही तिची आठवण होते.

मृत्यूची वार्ता देणारी घंटा हा या यादीतील शेवटचा शब्द. इंग्रजी 'क्लॉक' म्हणजे मुळात घड्याळ नव्हे, घंटा. आयर्लंडचे मिशनरी हातघंटा घेऊन युरोपभर फिरत. मध्ययुगीन लॅटिनमधील 'क्लोक्का' हा शब्द त्यांच्या केल्टिक भाषेतून आला असावा. जर्मन 'ग्लोके', फ्रेंच 'क्लोश' त्याचेच. मठांत प्रार्थनेची वेळ घंटेने कळे. पुढे यंत्र ती घंटा वाजवू लागले, तेव्हा यंत्रालाच घंटेचे नाव मिळाले. मराठीतही 'तास' म्हणजे काशाची थाळी आणि 'तास' म्हणजे साठ मिनिटे. वेळ ठोकून सांगण्याच्या रिवाजातून तेथेही हेच घडले. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर येथील देवळांच्या घंटा देशावर नेण्यात आल्या. त्यांतील एक नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या मंदिरावर आहे आणि दुसरी वाईजवळ मेणवलीस आहे.